बायोडेटात खो-खो लिहावे की नाही?

प्रश्न: मी राधानगरी तालुक्यातील एका गावची असून कोल्हापुरातील महाविद्यालयात बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला शिकते. अकरावीपासून खो-खो खेळते. गेल्या वर्षी शिवाजी विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले. पण मी राखीव होते, सगळ्या स्पर्धेत मला मैदानावर मिळाली ती फक्त चार मिनिटे. मागच्या महिन्यात एका कंपनीच्या लेखा विभागासाठी मुलाखत दिली. तिथले साहेब बायोडेटा बघून म्हणाले, “इथे पळायचे काम नाही, बसायचे आहे,” आणि सगळे हसले. मला उत्तर सुचले नाही. नोकरीही मिळाली नाही. आबा म्हणतात, खेळून कुणाचे पोट भरले आहे, आता हे बंद कर आणि बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जा. जिमखान्याचे सर म्हणतात, शेवटचा हंगाम आहे, सोडू नको. माझी पाच वर्षे वाया गेली का? आणि बायोडेटात खो-खो लिहू की काढून टाकू? (एक खेळाडू, कोल्हापूर)

उत्तर: तुमचे पत्र दोनदा वाचले. वयाने तुम्ही माझ्या धाकट्या मुलीएवढ्या असाल, तरी या सदराची रीत म्हणून ‘तुम्ही’च म्हणतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. खो-खो बायोडेटातून काढू नका. मात्र ते ‘छंद’ या रकान्यात, वाचन आणि संगीत ऐकणे यांच्या ओळीत लिहिले असेल, तर त्या साहेबांनी केलेल्या थट्टेत थोडा वाटा तुमचाही आहे. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या कर्मचारी विभागात माझी २८ वर्षे गेली. टेबलाच्या पलीकडे, म्हणजे साहेबांच्या बाजूला बसून मी शेकडो बायोडेटा चाळले आहेत, आणि तुम्हाला ऐकावी लागली तशी थट्टा एकदोनदा मीही केली आहे, हे कबूल करतो. मुलाखत घेणारा सकाळपासूनचा पंधरावा उमेदवार पाहत असतो, त्याचे लक्ष चहाकडे लागलेले असते, आणि कागदावर इतरांपेक्षा वेगळे काही दिसले की तो त्यावर काहीतरी बोलून मोकळा होतो. त्याचे बोलणे उद्धटपणाचे होते यात शंका नाही. पण त्या थट्टेच्या पोटात एक प्रश्न होता: तुमच्या खेळाचा आमच्या कामाशी काय संबंध? पाच वर्षे खेळूनही हा प्रश्न तुम्ही स्वतःला कधी विचारला नसावा, म्हणूनच त्या वेळी तुम्हाला उत्तर सुचले नाही.

आता आबांचे म्हणणे. ते चुकीचे बोलत नाहीत. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा फुटबॉल सामना असला की निम्मे शहर तिकडे लोटते, खासबागेत कुस्त्या लागल्या की माणसे कामधंदा सोडून जातात. पण एरवी त्या खेळाडूच्या घरचा महिन्याचा हिशेब कसा चालतो, याची चौकशी आपल्या कोल्हापुरात फारशी कोणी करत नाही. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ साली हेलसिंकीला मिळवून देणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. तेही १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. कोल्हापूरचे जलतरणपटू वीरधवल खाडे तहसीलदार झाले, नेमबाज राही सरनोबत उपजिल्हाधिकारी झाल्या, आणि २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे, जे तुमच्याच तालुक्यातील कांबळवाडीचे, त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. या नोकऱ्या खेळातील कामगिरीवर मिळाल्या हे खरे, पण महिन्याचा पगार शेवटी नोकरीनेच दिला, आणि ही सारी ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेली माणसे आहेत. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांवर अफाट पैसा खर्च होतो. तिथेही एनसीएए या संघटनेखाली खेळणाऱ्या सुमारे ५ लाख विद्यार्थ्यांपैकी २ टक्क्यांहून कमी पुढे व्यावसायिक खेळाडू होतात. तेव्हा खेळाने पोट भरणार नाही हे धरूनच चालावे आणि विचार करावा तो एवढाच, की पोट भरण्यासाठी जे काम तुम्ही पुढे कराल, त्यात या पाच वर्षांचा काही उपयोग आहे का.

माझ्या मते आहे, आणि बराच आहे. फक्त तो ‘खेळाने शिस्त लागते’ या वाक्यात सापडणार नाही. हे वाक्य मी इतक्या मुलाखतींत ऐकले आहे की पुढेपुढे ते कानावर पडले तरी पेन उचलले जात नसे. आणि ते म्हणून नोकरी मिळवलेले एक गृहस्थ पहिल्याच आठवड्यात तीनदा उशिरा आलेले मी पाहिले आहेत. शिस्त, संघभावना, नेतृत्व हे शब्द घटकाभर बाजूला ठेवा आणि मैदानावर प्रत्यक्ष काय घडते ते आठवून पाहा. आक्रमणाच्या वेळी आठ जणी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात आणि नववी पळणारीच्या मागे लागलेली असते. या नववीला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांब येईपर्यंत बदलता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्यांच्या मधून हवी तशी निसटू शकते. म्हणजे एकटीने कितीही जीव तोडून धावले तरी गडी हाती लागू नये, अशीच या खेळाची रचना आहे. पळणारी पलीकडे गेली की तिकडे तोंड करून बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला मागून हात लावायचा, स्पष्ट आवाजात ‘खो’ म्हणायचे, आणि आपला पाठलाग तिच्या स्वाधीन करून तिच्या जागी निमूट बसायचे. हात लागला पण आवाज निघाला नाही, आवाज निघाला पण हात लागला नाही, किंवा खो मिळण्याआधीच बसलेली उठली, तर तिन्ही वेळा पंचांची शिट्टी वाजते.

कारखान्यात कौशल्य कमी पडल्यामुळे जितकी कामे बिघडली, त्याहून अधिक कामे एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बिघडलेली मी पाहिली. पहिल्या पाळीच्या माणसाला वाटते आपण सांगितले आहे, दुसऱ्या पाळीच्या माणसाने ते ऐकलेले नसते. ई-मेल वेळेवर गेलेला असतो, पण तो कोणी उघडलेला नसतो. अशा प्रत्येक प्रसंगी आवाज झालेला असतो, हात मात्र लागलेला नसतो.

आमच्या माल रवानगी विभागात, म्हणजे डिस्पॅचला, तुमच्यासारखीच खो-खो खेळलेली एक मुलगी लागली होती. मुलाखतीत तिला नेहमीचा प्रश्न विचारला, की आपल्या हातून झालेली एखादी चूक सांगा. या प्रश्नाला बहुतेक उमेदवार ‘मी कामात फारच गुंतून जातो, हाच माझा दोष’ असे पाठ केलेले उत्तर देतात. तिने सांगितले की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात अर्धे मिनिट उरले असताना ती खो मिळण्याआधीच उठली, शिट्टी झाली, हाताशी आलेली पळणारी सुटली आणि सामना एका गुणाने गेला. “मग काय केले?” असे मी विचारले. ती म्हणाली, “सर, मी आवाजाच्या अंदाजाने उठत होते. मैदानावर इतका गलका असतो की दुसऱ्याच कुणाचा तरी ‘खो’ आपलाच वाटतो. मग महिनाभर सरावाला कानांवरून रुमाल बांधून बसले आणि पाठीला हात लागल्यावरच उठायचे अंगवळणी पाडले.” तिची निवड झाली. पुढे तिच्या पाळीतही एकदा चुकीच्या ट्रकमध्ये चुकीच्या पेट्या चढल्या आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली. दुसऱ्या दिवसापासून तिने पाळी बदलताना चलनाची प्रत समोरच्याच्या हातात द्यायची आणि त्याच्याकडून पेट्यांचा आकडा मोठ्याने वाचून घ्यायचा, अशी पद्धत घातली. ती तिथे अजूनही चालते असे ऐकतो.

दुसरी गोष्ट चारचौघांत बोलणी खाण्याची. जिमखान्याचे सर चूक दाखवायला बाजूला बोलावून घेत नाहीत, “अगं, झोपलीस काय तिथं?” ही हाक साऱ्या मैदानाला ऐकू जाते, आणि तेवढ्यात पुढचा खो आलेला असतो, त्यामुळे रुसून बसायला सवड मिळत नाही. नोकरीला लागलेली हुशार मुले पहिल्या वर्षी कशाने खचत असतील तर वरिष्ठांनी सर्वांदेखत चूक काढल्याने. दहावी-बारावीला नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेल्या मुलाला तोवर ‘हे चुकले’ असे कोणी तोंडावर म्हटलेले नसते. तो तो शब्द घरी नेतो, रात्रभर घोळवतो आणि आठ दिवसांनी राजीनाम्याची भाषा करतो. मी स्वतः तरुणपणी तीन हंगाम आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होतो. गोल झाल्यावर कोल्हापूरचा प्रेक्षक गोलकीपरला काय काय म्हणतो, ते या सदरात छापता येण्यासारखे नाही. पुढे कामगार संघटनेबरोबर पगारवाढीच्या वाटाघाटींना बसताना त्या भाषेची सवय फार उपयोगी पडली.

राखीव असल्याची तुम्हाला लाज वाटते, असे पत्रातील ‘फक्त’ या शब्दावरून दिसते. ती वाटू देऊ नका. नोकरीची पहिली दोनतीन वर्षे बहुतेकांची राखीव खेळाडूसारखीच जातात. तयारी पूर्ण करायची, बैठकीला हजर राहायचे, टिपणे काढायची, बोलायची पाळी मात्र यायची नाही, आणि एखाद्या मार्चअखेरीस मुख्य हिशेबनीस आजारी पडला की कोणीतरी वळून म्हणते, “तू कर.” त्या क्षणी ज्याचे अंग गरम आहे असाच माणूस लागतो. रात्रभर रेल्वेच्या स्लीपर डब्यातून जाऊन, सकाळी ट्रॅकसूट चढवून इतरांबरोबर पूर्ण सराव करून, नंतर दिवसभर मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या देत असतानाही समोरच्या संघातली कोणती पळणारी कोणत्या खांबाकडे वळते हे तुम्ही पाहत राहिला असाल, तर लेखा विभागाला लागणारी निम्मी चिकाटी तुमच्याजवळ आधीच आहे. पाहत राहिला नसाल आणि मोबाइलवर वेळ काढला असेल, तर तेही स्वतःशी कबूल करावे.

एवढे सांगून दुसरी बाजू लपवणे बरोबर होणार नाही. एकदा केवळ पदकांवर भाळून मी एका गुणी खेळाडूला गोदाम विभागात घेतले आणि ती माझी मोठी चूक ठरली. वर्ष पुरे व्हायच्या आत तो नोकरी सोडून गेला. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. सामन्यात डाव काही मिनिटांत संपतो, गुणफलकावर आकडा लगेच चढतो, सूर मारून गडी टिपला की टाळ्या पडतात. गोदामातील साठ्याची नोंद महिनोन्महिने बिनचूक ठेवली तरी तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि एक दिवस ती चुकली की सगळे पाहतात. टाळीविना काम करण्याची सवय मैदानावर लागत नाही. शिवाय किती वाजता उठायचे, काय खायचे, कोणता सराव किती वेळ करायचा हे खेळाडूसाठी दुसऱ्याने ठरवलेले असते, आणि सरांना ‘हे का?’ असे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. कार्यालयात मात्र न विचारणारा माणूस काही वर्षांनी होता तिथेच राहतो. तुमच्या क्षेत्राचे तर सरळच सांगतो: टॅली, एक्सेल, जीएसटीची विवरणपत्रे ही मैदानावर शिकता येत नाहीत आणि लेखा विभागाच्या साहेबांना आधी तीच हवी असतात. दोन उमेदवारांना ही सारखीच येत असली तर खेळ तुमच्या बाजूने बोलेल. तुम्हाला ती येतच नसली तर तो काही करू शकणार नाही. त्या दिवशी नोकरी हुकली ती खो-खोमुळे की टॅलीमुळे, हे मला पत्रावरून कळत नाही; तुम्हाला ते ठाऊक असेल.

शेवटच्या हंगामाविषयी माझे मत असे, की खेळावे, पण मुदत घालून. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळा आणि विद्यापीठाची निवड चाचणी द्या. निवड झाली तर पश्चिम विभागापर्यंत जा, झाली नाही तर त्याच दिवशी पायातले बूट पिशवीत घाला आणि क्लास पूर्ण वेळ सुरू करा. अमेरिकेत सरावाला आणि सामन्यांना मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा घातलेली आहे. तुम्हाला अशी मर्यादा कोणी घालणार नाही, म्हणून ती स्वतःच घालून घ्यावी, आणि गावाहून कोल्हापूरला येण्याजाण्याचा एसटीचा वेळ लक्षात घेता २० तासही तुम्हाला जास्तच होतील. एका आठवड्याचा हिशेब कागदावर मांडा: प्रवास किती, तासिका किती, सराव किती, अभ्यास किती, झोप किती. बी.कॉम.च्या विद्यार्थिनीला ताळेबंद कसा मांडावा हे मी सांगायला नको. तो कागद आबांच्या पुढे ठेवा आणि मुदतीची तारीख त्यावर लिहून द्या. आईला मध्ये घालून निरोप पाठवू नका. ज्या वडिलांनी पाच वर्षे पाठवले, ते समोर बसून बोलणाऱ्या मुलीचे ऐकून घेतील असे मला वाटते. बँकेच्या परीक्षेला त्यांचा आग्रह आहे तो योग्यच आहे. कारकून पदाच्या पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, तीन विभागांना प्रत्येकी २० मिनिटे, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण वजा. कोणता प्रश्न धरायचा आणि कोणता सोडून पुढे जायचे याचा निर्णय क्षणात घ्यावा लागतो, आणि समोरची हुलकावणी देते आहे हे ओळखून खो देणाऱ्या मुलीला ते इतरांपेक्षा अवघड जाऊ नये.

जाता जाता एक खुलासा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे तुम्हाला कोणीतरी सांगितले असेलच. त्यासाठी ठरावीक पातळीच्या स्पर्धेत ठरावीक कामगिरी लागते, नुसत्या सहभागाचे प्रमाणपत्र सहसा पुरत नाही, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून आधीच करून घ्यावी लागते. तुमच्या हाती सध्या असलेल्या कागदांवर या आरक्षणाची आशा धरून बसू नका. या हंगामात संघाने पदक मिळवले तर मात्र त्या कार्यालयात जाऊन चौकशी करायला विसरू नका.

राहता राहिला बायोडेटा. ‘छंद’ या रकान्यातून खो-खो काढा आणि शिक्षणाच्या लगेच खाली वेगळ्या ओळीत लिहा: शिवाजी विद्यापीठ खो-खो संघ, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि वर्ष. विशेषणे लावू नका. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत भारत जिंकला, त्यामुळे हा खेळ कोणता हे साहेबांना आता समजावून सांगावे लागणार नाही. पुन्हा कोणी ‘इथे बसायचे काम आहे’ असे म्हटले तर हसून सांगा, की खो-खोत नऊपैकी आठ जणी बसलेल्याच असतात, आणि बसून काय करायचे असते तेच या खेळात शिकवतात. एवढे म्हटल्यावर ते पुढचा प्रश्न विचारतीलच, आणि त्यासाठी एका सामन्याची हकिगत, मिनिट आणि गुण यांसह, दीड मिनिटात सांगता येईल अशी तयार ठेवा.

ती कोणती असावी, हे मात्र मी सुचवू शकत नाही, कारण मुख्य गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेलीच नाही. ती चार मिनिटे आक्रमणाची होती की संरक्षणाची? आक्रमणाची असतील, तर तुम्ही किती खो दिले आणि त्यांतला एखादा चुकला का, ते आठवून लिहा. संरक्षणाची असतील, तर पश्चिम विभागात येणाऱ्या संघांपुढे दीड-दोन मिनिटे टिकलेल्या मुलीचीही संघ पाठ थोपटतो, आणि तुम्ही निम्म्याच्या आसपास डाव एकटीने काढून त्याला ‘फक्त’ म्हणत आहात. तुम्हाला उतरवले तेव्हा डावाची किती मिनिटे उरली होती, तुम्ही बाद झालात की वेळ संपेपर्यंत राहिलात, हे सगळे सविस्तर कळवा. त्याआधी दुसऱ्या मुलाखतीला जाऊ नका.